शून्यामागची माणसे

औषधाच्या खोक्यातला तो पातळ, बारीक अक्षरांचा कागद बहुतेक घरांत खोक्याबरोबरच कचऱ्यात जातो. मी तो जपून ठेवते. औषधशास्त्र शिकवताना लागलेली ही सवय निवृत्तीनंतर वाढलीच. या संग्रहात मला सर्वांत मोलाचे वाटते ते मोडाफिनिल या जागे ठेवणाऱ्या औषधाचे अमेरिकेतले माहितीपत्रक.

इतिहास उरकून घेते. फ्रान्सच्या लाफों प्रयोगशाळेने 1970च्या दशकात अ‍ॅड्राफिनिल तयार केले. ते यकृतात गेले की त्याचे मोडाफिनिल होते. लिआँचे निद्राशास्त्रज्ञ मिशेल झुव्हे यांनी नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येणाऱ्या, रुग्णांवर मोडाफिनिल वापरून पाहिले. अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर 1998मध्ये. अ‍ॅड्राफिनिल 2011मध्ये फ्रान्सच्या बाजारातून गेले.

आता मूळ मुद्दा. त्या पत्रकात अंगावर उठणाऱ्या पुरळाविषयी दोन आकडे आहेत. चाचण्यांतल्या 1,585 मुलांपैकी 13 जणांना पुरळामुळे औषध थांबवावे लागले. त्यांतला एक रुग्ण स्टीव्हन्स-जॉन्सनचा असावा असा संशय होता. या विकारात त्वचा आणि तोंडाच्या आतले अस्तर फोड येऊन सोलवटते, जीवही जाऊ शकतो. चंचल मुलांसाठी हे औषध देण्याचा प्रस्ताव 2006मध्ये अमेरिकेत बारगळला, तो याच धास्तीने. प्रौढांचा आकडा मात्र असा: 4,264 जणांत असे गंभीर पुरळ शून्य.

हे शून्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. एखादी गोष्ट पाहिलेल्या माणसांत एकदाही घडली नसेल, तर 3 ला त्या माणसांच्या संख्येने भागायचे. खरा धोका जास्तीत जास्त किती असू शकतो, याचा 95 टक्के खात्रीचा अंदाज मिळतो. 4,264 साठी तो येतो सुमारे 1,400त एक. म्हणजे हजारो माणसे तपासूनही इतका धोका नजरेतून निसटू शकतो. आणि तसेच झाले. औषध बाजारात आल्यावर प्रौढांतही तुरळक गंभीर घटना नोंदल्या गेल्या. शंभर जणांतले शून्य तर 3 टक्क्यांपर्यंतचा धोका पोटात घेऊन बसते.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी बोलायला गेले होते. चहा झाल्यावर एका मुलाने खिशातून प्लास्टिकची इवलीशी पुडी काढली. आत पांढरी पूड, वर चिकटपट्टी: ‘फ्लमोडाफिनिल. फक्त संशोधनासाठी. माणसांच्या वापरासाठी नाही.’

“मॅडम, नेटवर खूप शोधलं. कुणालाच काही झालेलं नाही.”

“किती जणांनी घेतलंय, ते सापडलं का?”

तो गप्प झाला. कारण तो आकडाच कुठे नसतो. फ्लमोडाफिनिल म्हणजे मोडाफिनिलच्या रेणूतल्या दोन हायड्रोजन अणूंच्या जागी फ्लोरिन. ऐकायला किरकोळ बदल, पण फ्लोरिन आला की औषध शरीरात किती वेळ टिकते आणि कसे मोडते, हे बदलू शकते. प्रसिद्ध झालेले संशोधन मुख्यतः उंदरांवरचे. उंदीर किती वेळ जागा राहिला हे त्यातून कळते. दहा हजारांत एखाद्याच्या कातडीवर उठणारे फोड काही डझन उंदरांत दिसणार कसे? मूळ औषध सुरक्षित, म्हणून त्याचे भावंडही सुरक्षित, हा तर्क मला मुळीच मान्य नाही.

पूड मोजायला त्याच्याकडे दागिने तोलायचा छोटा काटा होता, शेवटचा अंक 10 मिलिग्रॅमचा. 50 मिलिग्रॅम तोलताना तो एका घराने जरी चुकला, तरी मात्रेत पाचव्या हिश्श्याचा फरक. शिवाय पुडीत नाव लिहिलेलेच रसायन आहे की आणखी काही, हे काट्याला काय कळणार?

त्याला मी विचारले, झोप किती घेतोस? सात तास. तरीही दुपारी पुस्तकावर डुलक्या, सकाळी डोके जड, आणि घोरण्याने खोलीतले मित्र वैतागलेले. हे ऐकल्यावर मी त्याला झोपेच्या तज्ज्ञाकडे जाऊन तपासणी करून घ्यायला सांगितले. झोपेत श्वास अडत असेल, तर मेंदू रात्रभर दचकून उठत राहतो. पूड त्यावर नुसते पांघरूण घालते. शिवाय मूळ मोडाफिनिलचाच निम्मा अंश शरीरातून जायला पंधरा तासांच्या आसपास वेळ लागतो. सकाळी आठला घेतलेली गोळी रात्री अकरालाही अर्धी शिल्लक असते.

त्याच टेबलाभोवती मुलीही होत्या, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगितली. मोडाफिनिल यकृतातली काही विकरे वाढवते आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. औषध थांबवल्यावरही महिनाभर दुसरा उपाय वापरावा लागतो. गरोदरपणी घेतल्यास बाळात जन्मजात दोष उद्भवू शकतात, हा इशारा युरोपात 2019मध्ये दिला गेला, अमेरिकेतल्या मान्यतेनंतर वीस वर्षांनी. तोही मिळाला तो हे औषध घेतलेल्या गरोदर बायकांची नोंदवही कुणीतरी नेटाने ठेवली म्हणून. फ्लमोडाफिनिल घेणाऱ्या मुलींची अशी वही कुणी ठेवत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.