सॅमनच्या नदीकाठी मुक्काम कोठे करावा?

प्रवासाचा बेत आखताना आपण बहुधा प्रथम रजा पाहतो, मग तिकिटे काढतो आणि शेवटी उतरण्याची जागा ठरवतो. जे पाहावयाचे ते आपल्या जागी उभे असतेच. ताजमहाल जूनमध्ये पाहिला काय आणि नोव्हेंबरमध्ये पाहिला काय, तो हलत नाही. सॅमन माशाची गोष्ट निराळी आहे. तो समुद्रातून नदीत येतो तो स्वतःच्या पंचांगाप्रमाणे. ती वेळ चुकली, तर कितीही उत्तम खोली घेतली तरी तिच्या खिडकीतून रिकामी नदी तेवढी दिसते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-लेकींकडे उन्हाळ्यात जाणारी कुटुंबे आज आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणाला अलास्कात जाऊन गळाने सॅमन धरण्याची हौस असेल, तर त्यांनी ‘कोठे राहावे’ हा प्रश्न शेवटी विचारावा. ‘केव्हा जायचे, कोणता मासा धरायचा आणि बरोबर कोण आहे’ हे तीन प्रश्न आधीचे होत.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. मुंबईच्या उपाहारगृहांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची रीत आहे. परंतु रावस त्या कुळातला नव्हे. सॅमनच्या स्वभावाची कल्पना यावयाची तर पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा आंध्रातील पुलसा आठवावा. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्माच्या नदीकडे परततो. अलास्कातील किंग, सॉकाय, सिल्व्हर, पिंक आणि चम या पाचही जाती आयुष्यात एकदाच हा प्रवास करतात व अंडी घातल्यावर मरतात. प्रत्येक जातीचे परतण्याचे आठवडे ठरलेले असतात.

अलास्काच्या दक्षिणेकडील केनाई द्वीपकल्प या हौसेसाठी सोयीचे आहे, कारण अँकोरेज शहरापासून तेथवर मोटारीचा रस्ता आहे. केनाई नदी सुमारे १३२ किलोमीटर लांबीची असून हिमनद्यांतून आलेल्या बारीक गाळामुळे तिचे पाणी निळसर हिरवे दिसते. तिच्या उगमाशी, अँकोरेजहून सुमारे १६० किलोमीटरवर, कूपर लँडिंग हे छोटे गाव आहे. जवळच रशियन रिव्हर ही उपनदी केनाईला मिळते. अलास्का १८६७ पर्यंत रशियाच्या ताब्यात होते, हे त्या नावावरून ध्यानात येते. या उपनदीत सॉकाय दोनदा चढतात: एकदा जूनच्या मध्यापासून आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत. जूनमध्ये जाणार असाल, तर मुक्काम येथे करावा. लाकडी खोल्या मिळतात, वनखात्याची तंबूची जागाही आहे. मात्र ही अस्वलांची भूमी आहे. अन्न उघड्यावर न ठेवण्याचे तेथील नियम गंभीरपणे पाळावे लागतात. लहान मुले बरोबर असल्यास तंबूऐवजी पक्की खोली बरी.

जुलैच्या उत्तरार्धात मुख्य केनाई नदीत सॉकायचा मोठा लोंढा येतो. तेव्हा सुमारे २४० किलोमीटरवरील सोल्डोट्ना गाव सोयीचे. सॉकाय काठाकाठाने वर चढतो, त्यामुळे नाव भाड्याने न घेताही तो धरता येतो. म्हणूनच येथे नदीला लागून असलेल्या खोलीचे जादा पैसे सार्थकी लागतात. ती ठरवताना काठावर जाळीदार फळ्यांचा मार्ग व पायऱ्या आहेत का, हे जरूर विचारावे. सॅमनची पिले काठच्या गवताच्या आडोशाने वाढतात. माणसांच्या पायांनी ते गवत तुडवले गेले की काठ ढासळतो आणि पुढील पिढीचे घरच जाते. नदीच्या मुखाशी असलेल्या केनाई गावात मात्र जुलैमध्ये फार गर्दी असते, कारण तेव्हा अलास्काच्या रहिवाशांना हातजाळ्याने मासे धरण्याची मुभा असते. पाहुण्यांना ती नाही.

ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी सिल्व्हरचा विचार करावा. अँकोरेजहून सुमारे २०० किलोमीटरवरील सिवर्ड बंदरातून नावेने खाडीत जाऊन तो धरतात. त्याची स्पर्धा तेथे १९५६ पासून भरते. उन्हाळ्यात सिवर्डला आगगाडीने जाता येते, आणि ज्यांना माशांत रस नाही त्यांच्यासाठी हिमनदी व सागरी प्राण्यांचे संग्रहालय आहे. मुलांच्या हातात गळ द्यावयाचा असेल, तर अँकोरेजहून सुमारे ३६० किलोमीटरवरील होमर पाहावे. तेथे समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूपट्टीवर एक कृत्रिम तळे असून, त्यात सोडलेली पिले मोठी होऊन तेथेच परत येतात. सम वर्षी ऑगस्टमध्ये केनाई नदीत लहान आकाराचे पिंक सॅमनही विपुल येतात. नवशिक्यांना ते उत्साह देतात.

आता किंग सॅमनविषयी. १९८५ मध्ये केनाई नदीत सुमारे ४४ किलो वजनाचा किंग गळाला लागला होता. त्या कीर्तीवर आजही पुष्कळांचे मन जाते. परंतु या नदीत परतणाऱ्या किंगची संख्या इतकी घटली, की २०२४ च्या हंगामात तेथे तो धरण्यास पूर्ण बंदी होती. असे आदेश हंगाम चालू असतानाही निघतात. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लॉजवाल्याला स्पष्ट विचारावे: मासेमारी बंद झाली तर पैसे परत मिळतील काय? अलास्का राज्याचे मत्स्यखाते सोल्डोट्नाजवळ ध्वनियंत्राने नदीतील सॉकायची रोज मोजणी करून आकडे प्रसिद्ध करते. मागील काही वर्षांचे आकडे पाहिले, म्हणजे कोणत्या आठवड्यात खोली घ्यावी हे बहुतांशी कळते. बाहेरच्या राज्यांतील व देशांतील १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो, हेही विसरू नये.

राहता राहिले घरातले प्रश्न. मासे साफ करण्याची व गोठवून ठेवण्याची सोय आहे काय? बरोबर शाकाहारी मंडळी असतील, तर स्वतंत्र स्वयंपाकघर मिळेल काय? जूनमध्ये तेथे सुमारे १९ तास उजेड असतो. खिडक्यांना जाड पडदे आहेत काय? वृद्धांना नदीपर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतील?

आणि गळ हाती न धरणाऱ्यांनीही निराश होऊ नये. कूपर लँडिंगजवळून रशियन रिव्हरच्या धबधब्याकडे सुमारे चार किलोमीटरची पायवाट जाते. हंगाम साधला असेल, तर तेथे सॅमन पाण्याच्या धारेविरुद्ध उड्या घेताना दिसतात. एका उडीत जमले नाही तर मासा मागे पडतो, थोडा थांबतो आणि पुन्हा झेप घेतो. मुलांना घेऊन तेथे जावयाचे असेल, तर एक दिवस बेतात आधीच राखून ठेवावा.