बधिर पायाला शेकोटीचा भरवसा नको

लाल कांदा मार्केटला गेला, उन्हाळ कांद्याची लागण सुरू झाली, की आपल्या येवला तालुक्यात थंडी खऱ्या अर्थाने अंगाला झोंबू लागते. शेजारच्या निफाडला तर डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. पण थंडी आहे म्हणून कोणा शेतकऱ्याला घरात बसून चालत नाही. पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले, किंवा लाईट रातपाळीची असली, की बॅटरी घेऊन वावर गाठावेच लागते. चप्पल बांधावर राहते आणि पाय दोन-दोन तास गार पाण्यात, चिखलात राहतात. घरी यावे तर पाय बर्फासारखे. मग शेकोटी पेटते.

या शेकोटीभोवतीचे एक बोलणे तुम्हीही ऐकले असेल. सून म्हणते, "नाना, पाय मागं घ्या, चटका बसंल." नाना म्हणतात, "अगं, मला तर अजून गारच लागतंय." सकाळी पाहावे तर तळव्याला रुपयाएवढा फोड. नानांना पत्ताच नाही. साखर दहा वर्षांपासून आहे, फोड बरा होत नाही, महिन्याभरात अंगठा काळा पडतो आणि पुढची गोष्ट नाशिकच्या दवाखान्यात अंगठा काढण्यापर्यंत जाते. मंडळी, हे नाना कोणत्या एका गावचे नाहीत. ते गावोगाव आहेत. आजचा हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

सांगायचे ते एकच. ज्या पायाची जाणीव गेली आहे, तो पाय "मला गार लागतंय" म्हणाला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याला बाहेरून आच देऊ नका. त्याची स्वतःची ऊब झाकून ठेवा.

पाय म्हणजे टेलचे वावर

कालव्याच्या टेलला जमीन असणे म्हणजे काय, हे येवलेकरांना वेगळे सांगायला नको. वरची मंडळी भिजतात आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर पाणी आटते. शरीरातही तसेच आहे. रक्त हृदयातून सुटते आणि पावले असतात टेलला. मधुमेह, रक्तदाब, वाढते वय आणि विशेषतः विडी-तंबाखू यांनी रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. मग टेलला रक्त कमी पोहोचते आणि पाय गार पडतात. विडी ओढणाऱ्या तरुणांमध्येही पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा एक आजार आढळतो. चाळीशीच्या आतच बोटे काळी पडू लागतात.

आता अशा पायाला शेक दिला तर काय होते? ऊन वाढले की पिकाची तहान वाढते, तशी शेकाने कातडीची रक्ताची गरज वाढते. पण कालव्याला पाणीच नाही! गरज वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला, की कातडी आतून करपते. म्हणून रक्तपुरवठा कमी असलेला पाय साध्या माणसाला सोसेल एवढ्या आचेनेही भाजतो, आणि भाजलेले लवकर भरूनही येत नाही.

दुसरा आजार नसांचा. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की जाणिवेच्या नसा खराब होतात. सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते आणि पायात मोजा चढवावा तशी बधिरता वर चढते. मुंग्या येतात, आग होते, सुया टोचल्यासारखे वाटते. काहींना पाय सारखे गार वाटतात, पण हात लावून पाहावे तर ते चांगले कोमट असतात. म्हणजे पाय गार नाहीच, नस खोटी खबर देते आहे. अशा पायाला कितीही शेकले तरी तो गारच लागणार. नाना पाय मागे घेत नव्हते, त्याचे कारण हेच.

नसा खराब होण्याला साखर हे एकच कारण नाही. दारू, जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता आणि कुष्ठरोग हीही कारणे आहेत. मांस, अंडी, दूध न खाणाऱ्यांना आणि साखरेवर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांना बी-१२ कमी पडू शकते. नुसते पाय गार पडण्यामागे रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा आजारही असू शकतो. म्हणून "वयोमानाने होतंय" म्हणून सोडून देऊ नये, एकदा तपासून घ्यावे.

वेदना ही राखणदार

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज सर्जन १९४६ साली तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती रोगाने सडून, असा तेव्हा सर्वांचा समज होता. डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे जातात ती मुख्यतः दुखणे कळत नाही म्हणून. चूल भाजते, खिळा लागतो, रात्री उंदीर कुरतडतो आणि माणसाला जाग येत नाही. पुढे हेच ज्ञान जगभर मधुमेहाच्या पायासाठी कामी आले. दुखणे हा आपला राखणदार आहे. तो गेला की राखण आपल्या डोळ्यांनी आणि हातांनी करावी लागते.

घरच्या घरी पाय असा तपासा

यासाठी यंत्र नको, पैसा नको. म्हाताऱ्या माणसाला आडवे निजवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, घासू नका. "लागलं का? कोणत्या पायाला?" एवढेच विचारा. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना स्पर्श कळला नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे धरून दवाखाना गाठावा.

मग हाताच्या मागच्या बाजूने गुडघ्यापासून पावलापर्यंत ऊब पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का? चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की बरे वाटते का? नडगीवरचे केस गेले, कातडी चकचकीत झाली का? ही रक्तपुरवठा कमी असल्याची लक्षणे आहेत. पावलावरची नाडी लागते की नाही, हे डॉक्टर बोटाने पाहतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना पाय दाखवावेत. औषध साखरेचे घ्यायचे आणि पाय मात्र धोतरात झाकून ठेवायचे, असे करू नये.

थोडी आच, फार वेळ

चटका म्हणजे उकळते पाणीच, असे आपण समजतो. तसे नाही. ६० अंशांचे पाणी सुमारे ५ सेकंदांत कातडी भाजते. ४९ अंशांच्या पाण्याला सुमारे १० मिनिटे लागतात. आणि ४४ अंश, म्हणजे हाताला फक्त गरम वाटेल एवढी उष्णता, सहा तास एकाच जागी राहिली तरी भाजते. हे आकडे निरोगी कातडीचे आहेत. आता गोधडीत रात्रभर पायाशी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी आठवा. शाबूत पाय झोपेतही बाजूला सरकतो, बधिर पाय मात्र तिथेच राहतो.

म्हणून अशा पायाला शेकोटी, तापवलेली वीट, मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, हीटर यांपैकी काहीच लावायचे नाही. बंबातले कढत पाणी पायावर घ्यायचे नाही. भेगांवर बिब्बा तर मुळीच घालायचा नाही, त्याने कातडी जळते. मोटारसायकलचा सायलेन्सर आणि उन्हाळ्यातली तापलेली फरशी यांचाही हाच धोका आहे. नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेला अनवाणी जाणाऱ्या, पण पाय बधिर असलेल्या भाविकांनी पायांत काही घालूनच चालावे. देवीला भक्ताचे पाय शाबूत असलेलेच आवडतील.

मग ऊब आणायची कशी?

पहिली गोष्ट, अंग गरम तर पाय गरम. अंगाला थंडी वाजली की शरीर हातापायांचे रक्त आखडून घेते. म्हणून आधी कानटोपी, स्वेटर, मफलर. मांड्या-पोटऱ्यांवर घोंगडी घ्यावी. शेकोटीपाशी बसायचे तर हात आणि पाठ शेकावी, पाय मागे आणि झाकलेले असावेत.

दुसरी गोष्ट, मोजे. लोकरीचे किंवा जाड सुती, सैल मोजे संध्याकाळी पाय गार पडण्याआधीच घालावेत. वरची इलॅस्टिक घट्ट नको. पोटरीवर वळ उठत असेल तर त्या मोज्याने रक्त आणखी अडते. आतली शिवण बोटांना घासत असेल तर मोजा उलटा घालावा. एकावर एक घट्ट मोजे चढवू नयेत. ओला मोजा लगेच बदलावा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू नये, म्हातारी माणसे घसरतात.

तिसरी, अंथरूण. गरम पाण्याची पिशवी वापरायचीच असेल तर आधी अंथरुणात ठेवावी आणि माणूस आडवा होण्यापूर्वी बाहेर काढावी. विजेचे ब्लँकेटही झोपण्यापूर्वी बंद करावे.

चौथी, आंघोळ. पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, कोपराने घ्यावा. हातही बधिर असतील तर घरातल्या धडधाकट माणसाने पाहावे. पाणी कोमटच हवे. पाय फार वेळ भिजत ठेवू नयेत. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. खोबरेल किंवा व्हॅसलिन तळव्याला आणि टाचेला लावावे, बेचकीत नको.

पाचवी, हालचाल. बसल्या जागी घोटे वर-खाली, गोल फिरवावेत. रोज चालावे. पायाला जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. खड्ड्यातल्या मागावर पैठणी विणणाऱ्या बंधू-भगिनींनी पायात मोजे घालावेत आणि अधूनमधून उठून चार पावले टाकावीत.

आणि सहावी, विडी-तंबाखू बंद. बाकी सगळे केले आणि हे राहिले, तर वरून पाणी सोडायचे आणि खाली दार बंद ठेवायचे, अशातला प्रकार होईल.

वावरात जाताना

गार पाण्यात अनवाणी उभे राहू नये. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्यावेत, आत मोजे घालावेत. घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवून पाहावा. खडा, काटा, विंचू काहीही असू शकते आणि बधिर पायाला ते कळणार नाही. घरी आल्यावर बॅटरीच्या उजेडात तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे.

दवाखाना कधी?

एक पाय एकाएकी गार, पांढरा किंवा निळा पडला, दुखू लागला, बधिर झाला, तर तो रक्तवाहिनी बंद पडल्याचा प्रकार असू शकतो. इथे तासांचा हिशेब असतो. सकाळची वाट पाहू नका, रात्रीच १०८ ला फोन करून मोठे रुग्णालय गाठा. बोट काळे पडले, फोड आला, जखम झाली, पाय लाल होऊन सुजला किंवा रात्री पाय खाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

चुकून भाजलेच तर २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात जावे. दुखत नाही म्हणून घरी थांबू नये. न दुखणे हाच तर खरा आजार आहे.

गावाने काय करावे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा शहरातला, शेठ-सावकारांचा आजार राहिलेला नाही. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचे औषधही मोफत मिळते. सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि आशाताईंना विनंती आहे, की २६ जानेवारीची ग्रामसभा ऐन थंडीत येते, त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या मदतीने म्हाताऱ्या माणसांची सहा बोटांची तपासणी ठेवावी. मंडप तोच, माणसे तीच, खर्च काही नाही.

आणि तुम्ही काय करायचे? आज संध्याकाळी शेकोटी पेटेल तेव्हा आपल्या नानांच्या, आजीच्या पायांकडे बघा. ते "गारच लागतंय" म्हणाले, तर लाकूड पुढे सारू नका. पायाला हात लावून पाहा, आणि घरातले लोकरीचे मोजे आणून द्या.