काडतुसावरचा आकडा नेमकं काय सांगतो?

गुन्ह्याच्या बातमीत ‘एक पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’ हे वाक्य आपल्या ओळखीचं. सोबतचे आकडे मात्र फसवे: नऊ एमएम, बारा बोअर, पॉइंट थ्री एट. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी.

गैरसमज : काडतूस म्हणजेच गोळी.
वस्तुस्थिती : काडतुसाचे भाग चार: धातूची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. नळीतून सुटते ती फक्त गोळी. पंचनाम्यातली ‘रिकामी पुंगळी’ म्हणजे मागे उरलेलं कवच.

गैरसमज : बारा बोअर म्हणजे १२ मिलिमीटर.
वस्तुस्थिती : नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा बोअर. व्यास येतो सुमारे १८.५ मिमी. वीस बोअरची नळी उलट अरुंद, १५.६ मिमीची. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला यात नवल वाटणार नाही. एका पौंडात किती लडी बसतात यावरून सुताचा काउंट ठरतो आणि काउंट चढला की सूत बारीक होतं.

गैरसमज : पॉइंट थ्री एटची गोळी ०.३८ इंचांची.
वस्तुस्थिती : ‘.३८ स्पेशल’ची गोळी ०.३५७ इंच. पूर्वी गोळी पुंगळीइतकीच जाड असे. गोळी बारीक झाली, नाव राहिलं.

गैरसमज : ७.६२ सगळी सारखीच.
वस्तुस्थिती : एके-४७चं काडतूस ७.६२×३९, आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआरचं ७.६२×५१. दुसरा आकडा पुंगळीची मिलिमीटरमधली लांबी. एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही.

गैरसमज : गोळी जितकी जाड, तितका मारा जबर.
वस्तुस्थिती : नेमबाजीतली पॉइंट टू टू आणि इन्सास रायफल, दोन्हींच्या गोळ्या सुमारे ५.७ मिमी जाड. पण इन्सासची गोळी वजनदार आणि कितीतरी वेगवान. तिची ऊर्जा दहापटीहून जास्त.

गैरसमज : ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणजे मोठं बोअर.
वस्तुस्थिती : १८.५ मिमीची बारा बोअर बंदूक सामान्य परवान्यावर मिळते. त्याच्या निम्म्या व्यासाचं, लष्कर-पोलिसांच्या वापरातलं नऊ एमएम पिस्तूल मिळत नाही. कायदासुद्धा नुसती जाडी मोजत नाही.