मुदतठेव मोडणारी पेशी

बँकेत असताना मुदतीआधीच ठेव मोडायला आलेला माणूस मी दुरूनच ओळखायचो. घरात काहीतरी अडलेलं असे. पाव फुगवणारं यीस्टही अडचणीत हेच करतं, हे मात्र निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं.

जपानच्या योशिनोरी ओसुमींना टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली ती १९८८ साली, वयाच्या ४३व्या वर्षी. त्यांनी यीस्टच्या पेशीतली रिक्तिका अभ्यासायला घेतली. ती पेशीची कचराकुंडी, असं म्हणून तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. प्रथिनांचे तुकडे करणारी विकरं तिथंच असतात. ओसुमींनी ही विकरं नसलेलं यीस्ट घेतलं आणि चक्क उपाशी ठेवलं. काही तासांतच रिक्तिका गोळ्यांनी गच्च भरली. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसावी इतकी! पेशीनं आपलाच ऐवज पिशव्यांत बांधून मोडीसाठी आत धाडला होता, पण आत मोडणारं कोणी नव्हतं. एरवी त्या प्रथिनांची अमिनो आम्लं सुटी होतात आणि त्यांतून गरजेची नवी प्रथिनं घडतात.

१९९३ साली त्यांनी ही मोड न जमणारे यीस्टचे १५ प्रकार शोधून काढले. उपासमारीत त्या पेशी लवकर मरत. २०१६चं नोबेल ओसुमींना एकट्यालाच मिळालं.

तशीच जनुकं आपल्यातही आहेत, उंदरांतही. नाळ तुटली की पिल्लाचा आयता पुरवठा थांबतो, आणि पेशी स्वतःचीच शिल्लक मोडू लागतात. यातलं एक जनुक नसलेली पिल्लं जन्मानंतर दिवसभरातच दगावतात, असं २००४ साली जपानमध्येच दिसून आलं.