दोन शनिवार, एक वही आणि औंधचा राजा

मे महिना उजाडला की ऑफिसात दोनच विषय. पहिला आंब्याचा भाव आणि दुसरा, 'तू कधी चाललास सुट्टीवर?' ज्यांची रजा मंजूर झालीये ते मनालीचे फोटो दाखवून बाकीच्यांना जळवतात आणि बाकीचे गारठलेल्या एसीत एक्सेल शीटच्या रकान्यांमध्ये मान घालून बसतात. या बाकीच्यांपैकी निदान एकाच्या तरी घरी, कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात, एक पिशवी असते. तिच्यात वाळून दगड झालेल्या जलरंगाच्या ट्यूबा, 'इंटरमिजिएट'चं सर्टिफिकेट आणि पहिल्या पगारातून हौसेनं घेतलेला कॅमेरा.

विचारलं, तर उत्तर ठरलेलं. 'वेळच मिळत नाही यार! एकदा ही नोकरी सोडली ना, की फक्त पेंटिंग.'

नोकरी काही सुटत नाही. पेंटिंगही होत नाही.

म्हणूनच या उन्हाळ्यात लांबची रजा नसेल, तर दोन वीकेण्ड काढा आणि सातारा-सांगलीकडे निघा. महाबळेश्वरला नाही हं! तिथे ट्रॅफिक जॅममध्ये तुमच्या ऑफिसातली निम्मी माणसं भेटतील. आपल्याला भेटायचंय ते आपापलं काम सांभाळून चित्रं काढणाऱ्यांना. त्यातल्या एकाचं काम तर चक्क राज्य चालवण्याचं होतं.

राजाची दुसरी शिफ्ट

सातारा जिल्ह्यातलं औंध. खटाव तालुक्यातलं छोटंसं गाव, पूर्वीच्या औंध संस्थानाची राजधानी. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) इथले राजे. १९०९ मध्ये ते गादीवर आले. दरबार, शाळा, शेतसारा, दौरे, ब्रिटिश साहेबांची मर्जी… टेन्शन काय कमी असेल? पण हा माणूस पहाटे सूर्यनमस्कार घालायचा, कीर्तन करायचा आणि चित्रंही काढायचा. तीही फक्त राजवाड्याच्या भिंतीवर टांगायला नाही. रामायणावरची त्यांची चित्रं पुस्तकरूपात छापली गेली. अजिंठा आणि वेरूळवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिच्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली ती यांनीच. आवृत्ती सचित्र हवी, हाही त्यांचाच हट्ट.

त्यांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर आहे. वर्ष १९३८. आत राजा रविवर्मा, धुरंधर आणि, विश्वास बसणार नाही, हेन्री मूर! होय, तोच जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार. त्याचं दगडातलं 'मदर अँड चाइल्ड' औंधच्या डोंगरावर आहे. लंडनला जायचं तिकीट वाचलं की नाही?

आणखी एक गोष्ट. संग्रहालय उघडलं त्याच सुमारास, १९३९ मध्ये, याच राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. म्हणजे चित्रं हा रिकामटेकड्या राजाचा टाइमपास नव्हता. भरगच्च कामाच्या दिवसातून त्यांनी कुंचल्यासाठी वेगळी वेळ काढून ठेवली होती.

रंग दिसेनात, मग?

दुसरी गोष्ट सांगली जिल्ह्यातली. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना मुळात व्हायचं होतं चित्रकार. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि दोनेक वर्षांत लक्षात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधळेपणा! आपण असतो तर गावी परत आलो असतो आणि आयुष्यभर नशिबाला बोल लावला असता.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले. रेघ सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग कुठे लागतात? ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, मग व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले आणि पुढे बेळगावात सायकली विकता विकता लोखंडी नांगरापर्यंत पोचले. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा १९१० मध्ये मदतीला धावून आला तो औंधचा आपला चित्रकार राजा. निवडुंगानं आणि सापांनी भरलेला ३२ एकरांचा माळ आणि दहा हजारांचं कर्ज. त्या माळावर उभी राहिली ती किर्लोस्करवाडी.

या कारखान्यातूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिक निघालं. त्याचे संपादक शंकरराव, म्हणजे शंवाकि, हे लक्ष्मणरावांचे पुतणे आणि स्वतः चित्रकार. चित्रकला शिकायला ते थेट लाहोरला गेले होते, पंडित सातवळेकरांकडे. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या सातवळेकरांचा लाहोरात चित्रांचा आणि फोटोग्राफीचा स्टुडिओ होता, हे किती जणांना माहीत असतं? आणि १९१८ मध्ये हे पंडितजी येऊन राहिले कुठे? औंधला!

याच औंध संस्थानात, माडगूळ्याला, १९२७ मध्ये व्यंकटेश माडगूळकर जन्मले. 'बनगरवाडी'चे लेखक म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण पुणे आकाशवाणीत वर्षानुवर्षं नोकरी करणारा हा लेखक रानात जाताना वही घेऊन जायचा आणि पक्षी, प्राणी, माणसं रेखाटायचा. नोकरी, लेखन, रेखाटन… सगळं एकाच माणसात!

उन्हाचं टाइमटेबल

आता तुमची पाळी. सातारा-सांगलीचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे खायचं काम नाही. तेव्हा दिवसाचे तीन भाग करा. सकाळी नऊपर्यंत कॅमेरा, दुपारी वही आणि संध्याकाळी पुन्हा कॅमेरा.

पहिला शनिवार: सकाळी वाईजवळचं मेणवली. नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. 'स्वदेस'मध्ये (२००४) पाहिलेला घाट तो हाच. तिथून साताऱ्याकडे येताना लिंब गावची बारा मोटेची विहीर. अठराव्या शतकातली ही दगडी विहीर इतकी खोल आणि देखणी आहे, की खाली उतरल्यावर पहिली पाच मिनिटं कॅमेरा काढायचं सुचत नाही. जेवून औंध गाठा. संग्रहालयाच्या वेळा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. आत फोटोला मनाई असली तर खट्टू होऊ नका. एकाच चित्रासमोर वही उघडून अर्धा तास बसा. फोटो काढायला एक सेकंद लागतो, म्हणून आपण तेवढाच वेळ बघतो. हात चालवायचा म्हटलं, की नथीचा आकडा कुठे वळतो इथपर्यंत बघावं लागतं.

दुसरा शनिवार: रात्रीच्या गाडीनं मिरज. इथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. वाळवलेला मोठा भोपळा, त्यावर बसवलेली लाकडी दांडी, नक्षी, तारा… फोटोसाठी अगदी मेजवानी! पण विचारल्याशिवाय लेन्स रोखू नका. बघायचं ते जवारी काढण्याचं काम. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कारागीर कानसेनं किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित घासतो. मापाची पट्टी नाही, अॅप नाही, फक्त कान. हे कसब शिकायला वर्षं जातात.

दुपारी सांगलीत भेळ-भडंग. संध्याकाळी कृष्णेचा घाट, गणपती मंदिर आणि १९२९ चा आयर्विन पूल. पहिल्या शनिवारी मेणवलीला पाहिलेली नदी इथे चांगली पसरून वाहते. वेळ उरलाच तर तासगावच्या रस्त्याला वळा. द्राक्षांचे बेदाणे करणाऱ्या शेड दिसतील, जाळ्यांवर मजल्यामजल्यानं पसरलेले हिरवे-सोनेरी घड.

एक नियम मात्र पाळायचा. दिवसाला फक्त ३६ फोटो. जुन्या रोलमध्ये तेवढेच निघायचे! मोबाईलवर तीनशे काढून घरी एकही न बघण्यापेक्षा हे बरं.

सोमवारी काय?

खरा प्रश्न हाच. सहलीत कुणीही चित्रकार होतो. सोमवारी नऊ वाजता लॉगिन केल्यावर काय?

बाळासाहेबांनी राज्य सोडून चित्रं काढली नाहीत. लक्ष्मणरावांनी रंग गेले म्हणून पेन्सिल फेकली नाही. माडगूळकर आकाशवाणीत सही करून कामाला लागत होते. यांतल्या कुणीही 'एकदा हे संपलं की मग' असं म्हटलं असतं, तर औंधच्या डोंगरावर आज संग्रहालय दिसलं नसतं. सलग महिनाभराची मोकळीक त्यांनाही मिळाली नसणार. तुम्हालाही मिळणार नाही.

म्हणून परतीच्या गाडीतच एक वेळ ठरवा. रोज वीस मिनिटं. लंच ब्रेकमध्ये, लोकलमध्ये किंवा रात्री टीव्हीच्या आधी. चहावाल्याची किटली काढा, समोरच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या काकांची मान काढा, बॉसचा चेहरा काढा (तो मात्र लपवून ठेवा!). चित्र बिघडलं तरी चालेल. मिरजेचा कारागीरसुद्धा एकदा घासून थांबत नाही. तार नीट बोलेपर्यंत पुन्हा पुन्हा कानस फिरवतो.