पंख मिटले की रंग गेला

ऑक्टोबर महिन्यात खडकाळ माळावरून चालू लागलो, की पायापुढून एखादा किडा भर्रकन उडतो. क्षणभर पिवळाधमक रंग चमकतो, थोड्या अंतरावर किडा खाली उतरतो आणि दिसेनासा होतो. उतरला तेथे जाऊन शोधावे, तर हाती फक्त खडे! आम्हीही कित्येकदा असे फसलो आहोत. आपण पिवळे काहीतरी शोधत राहतो, आणि तेथे पिवळे काहीच नसते.

हा पट्टेरी पंखांचा नाकतोडा. या गटाचे शास्त्रीय नाव इडिपोडिनी. नाकतोड्याला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढचे पंख अरुंद, चिवट आणि बहुधा मातीच्या रंगाचे. मागचे पातळ, पंख्यासारखी घडी घालून पुढच्या पंखांखाली झाकलेले. या गटातील बऱ्याच जातींत मागच्या पंखांचा बुडाकडचा भाग रंगीत असतो आणि त्यापुढे काळसर पट्टा असतो. भारतात आढळणाऱ्या गॅस्ट्रिमार्गस आफ्रिकॅनसमध्ये हा रंग पिवळा असतो. युरोपातील इडिपोडा सेरुलेसन्समध्ये तो निळा, तर तिच्याच भाऊबंद इडिपोडा जर्मॅनिकामध्ये लाल. कुप्रसिद्ध स्थलांतरी टोळही याच गटातला. मात्र त्याच्या मागच्या पंखांवर असा पट्टा नसतो.

आता प्रश्न असा, की ज्याला लपायचे आहे त्याने असा भडक रंग बाळगावाच कशाला? ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रंगांवरील आपल्या 1940 सालच्या ग्रंथात अशा क्षणिक रंगांची चर्चा केली होती. पाठलाग करणारा पक्षी रंगावर नजर ठेवतो. रंग अचानक नाहीसा झाला, की त्याचा शोध चुकतो. कल्पना पटण्याजोगी होती, पण ती तपासणे सोपे नव्हते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांनाच भक्षक करून संगणकाच्या पडद्यावर भक्ष्य शोधायला लावले. पळताना रंग दाखवणारी आणि थांबल्यावर तो लपवणारी भक्ष्ये अधिक संख्येने वाचली. पुढे 2021 साली याच संशोधकांनी एक महत्त्वाची अट दाखवून दिली: भक्ष्याने दुरूनच पळ काढला पाहिजे. भक्षकाने त्याला आधी बसलेले पाहिले असेल, तर खरा रंग त्याला ठाऊक होतो आणि युक्ती फसते.

पिल्लांना पूर्ण वाढलेले पंख नसतात, म्हणजे ही युक्तीही नाही. त्यांची सारी भिस्त जमिनीशी एकरूप होण्यावर. येथे या गटाची दुसरी करामत दिसते. अनेक जातींची पिल्ले ज्या जमिनीवर वाढतात तिच्या रंगाकडे कात टाकता टाकता झुकत जातात. तांबड्या मातीवरचे पिल्लू तांबूस, काळ्या दगडांतले काळपट. आफ्रिकेत वणव्यानंतर जळक्या जमिनीवर काही नाकतोडे काळे पडलेले आढळले आहेत.

म्हणूनच उघडी, खडेमाती दिसणारी जमीन हे यातील अनेक जातींचे घर आहे. सरकारी नकाशांत असे कितीतरी माळ 'पडीक' म्हणून नोंदले जातात आणि वृक्षारोपणाला सर्वांत आधी तेच निवडले जातात. हेतू चांगला असतो, याबद्दल वाद नाही. पण दाट सावली पडली, जमीन पालापाचोळ्याने झाकली, की खड्यांचा रंग अंगावर वागवणाऱ्या किड्याने बसायचे कोठे? झाडे लावण्यापूर्वी त्या माळावर काय काय उडते हे एकदा पाहून यावे, असे आम्हांला वाटते.

वर्गात करण्याजोगा एक खेळ. मातकट कागदाच्या घड्या करा. निम्म्यांना आतून पिवळा रंग द्या. घडी उघडून मैदानात भिरकावण्याऐवजी दोऱ्याने ओढा आणि गवतात शिरताना मिटू द्या. निम्म्या मुलांना मिटलेली घडी आधी दाखवा, निम्म्यांना दाखवू नका. कोणाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून फळ्यावर मांडा.