चेहरा जुळला, तपास बाकी

सीसीटीव्हीतल्या धूसर चित्रावरून संशयिताचा माग काढण्यासाठी अनेक देशांचे पोलिस चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर वापरतात. हे सॉफ्टवेअर प्रत्यक्षात करते ती आकड्यांची तुलना. न्यूरल नेटवर्क प्रत्येक चेहऱ्याची शेकडो आकड्यांची एक मालिका तयार करते. एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांच्या मालिका एकमेकींजवळ पडाव्यात आणि भिन्न माणसांच्या दूर, असे त्याला लाखो छायाचित्रांवरून शिकवलेले असते. संशयिताचे चित्र दिले की संग्रहातल्या सर्वांत जवळच्या चेहऱ्यांची यादी पुढे येते. किती साम्य पुरेसे, तो उंबरठा माणूसच ठरवतो. उंबरठा खाली आणला तर गुन्हेगार निसटण्याची शक्यता घटते, पण निरपराध व्यक्ती यादीत येण्याची वाढते.

संग्रह जितका मोठा, तितका हा धोका मोठा. चुकीची जुळणी दहा हजारांत एकदाच होते असे धरले, तरी एक कोटी चेहऱ्यांच्या संग्रहात एका शोधामागे सुमारे एक हजार निरपराध चेहरे जुळतात. खरा गुन्हेगार संग्रहात नसला, तरी यादी रिकामी राहतेच असे नाही. त्यात चुकाही सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम तपासले. त्यांतल्या अनेकांत आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या चुकीच्या जुळण्या गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट आढळल्या.

या चुकीचे अटकेत रूपांतर कसे होते, हे डेट्रॉइटमधल्या एका प्रकरणात दिसले. २०१८ मध्ये एका दुकानातून घड्याळे चोरीला गेली. चित्रणातला चेहरा एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या वाहन परवान्यावरील जुन्या छायाचित्राशी जुळला. पोलिसांनी ते छायाचित्र इतर पाच जणांच्या छायाचित्रांत मिसळून दुकानाच्या सुरक्षेशी संबंधित एका व्यक्तीला दाखवले. तिने चोरी पाहिलेलीच नव्हती. तिनेही चित्रणच पाहिले होते. तिने त्याच्यावर बोट ठेवले आणि जानेवारी २०२० मध्ये पत्नी व लहान मुलींसमोर त्याला अटक झाली. सुमारे ३० तास तो कोठडीत होता.

येथे दोन पुरावे असल्याचा भास झाला, पण दोन्हींचा उगम एकच होता. संग्रहातून सर्वांत सारखा दिसणारा चेहरा शोधणे हेच यंत्राचे काम. तोच चेहरा ओळख पटवायला पुढे ठेवला, तर माणूसही त्याच साम्याला भुलणार. या प्रकरणाच्या दाव्यात २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीने नेमकी ही वाट बंद केली. आता डेट्रॉइटचे पोलिस केवळ जुळणीच्या आधारे अटक करू शकत नाहीत. केवळ जुळणीवरून छायाचित्रांची ओळख परेडही घेऊ शकत नाहीत. ती व्यक्ती त्या वेळी तेथे होती का, यासारखा स्वतंत्र दुवा आधी मिळावा लागतो. २०१७ पासूनच्या जुन्या प्रकरणांची तपासणीही मान्य झाली. कोणत्याही पोलिस दलाने नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे नियम वाचावेत, इतके ते मोलाचे आहेत.

भारतातही अशा नियमांची गरज तातडीची आहे. ८० टक्के किंवा अधिक साम्य असल्यास जुळणी मानली जाते, असे दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात सांगितले. मात्र ८० टक्के साम्य म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे. ती खात्री सॉफ्टवेअर, चित्राचा दर्जा आणि संग्रहाचा आकार यांनुसार बदलते. महाराष्ट्राने पोलिस कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली आहे. अशा प्रत्येक प्रणालीची चाचणी खरेदीपूर्वी इथल्याच चेहऱ्यांवर आणि इथल्याच कॅमेऱ्यांच्या चित्रांवर व्हायला हवी. शोध कोणी घेतला, उंबरठा किती होता, यादीत आणखी कोण होते आणि अटकेपूर्वी कोणता वेगळा पुरावा मिळाला, याची नोंद केस डायरीत हवी. आरोपीच्या वकिलालाही ही माहिती मिळाली पाहिजे. तिच्याशिवाय न्यायालयात त्या जुळणीची उलटतपासणी होऊच शकत नाही.